चाको कॅन्यनमधल्या साडेसहाशे खोल्या कुणासाठी बांधल्या?

रानजाई

न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात चाको कॅन्यन नावाची एक उथळ, रखरखीत दरी आहे. उंची १,९०० मीटरच्या आसपास, वर्षाचा पाऊस जेमतेम २२-२३ सेंटीमीटर, हिवाळा कडाक्याचा. नदी म्हणावी असं काही नाही. सरी कोसळल्या तर चाको वॉश नावाचा ओढा तेवढा गढूळ होऊन वाहतो. अशा ठिकाणी इ.स. ८५० ते ११३० या काळात आजच्या पुएब्लो लोकांच्या, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांच्या, पूर्वजांनी डझनभर अवाढव्य दगडी इमारती उभ्या केल्या. तिकडे त्यांना 'ग्रेट हाउस' म्हणतात, मी आपलं महाघर म्हणते. सगळ्यांत मोठं पुएब्लो बोनितो. अर्धवर्तुळाकार, काही भागात चार-पाच मजले, साडेसहाशेच्या आसपास खोल्या.

अल्बकर्कीत राहत असल्यामुळे पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं ठरलेलं. आणि प्रत्येक पाहुणा पाचव्या मिनिटाला तोच प्रश्न विचारतो, "पण हे होतं काय? राजवाडा, देऊळ की चाळ?"

हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांनाही सव्वाशे वर्षं सुटलेला नाही. १८४९ मध्ये अमेरिकन लष्कराचा लेफ्टनंट सिम्प्सन इथून गेला, त्याला वाटलं हे मेक्सिकोतल्या टोल्टेक लोकांचं काम. उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर अशाच एका अवशेषाजवळ गोऱ्यांनी गाव वसवलं आणि नाव ठेवलं ॲझ्टेक. बांधणाऱ्यांचे वंशज आजूबाजूच्या गावांत राहत होते, अजूनही राहतात, पण त्यांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मग १८९६ मध्ये पहिलं मोठं उत्खनन झालं आणि १९२१ ते २७ मध्ये नील जड यांचं. जड यांच्या मते हे हजारभर माणसांचं भरलेलं गाव होतं. एवढ्या खोल्या पाहून कुणालाही तसंच वाटेल. १९७०-८० च्या दशकांत राष्ट्रीय उद्यान खात्याने पुन्हा सगळं तपासलं तेव्हा टॉम विंडेस यांनी एक साधी गोष्ट मोजली: चुली. बहुतेक खोल्यांत चूलच नाही! खिडकी नाही, उजेड नाही, कित्येक खोल्यांत दुसऱ्या खोलीतून शिरावं लागतं. १९९९ मध्ये वेस्ली बर्नार्डिनी यांनी खोल्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत ते पाहून हिशेब मांडला, तर बोनितोत कायम राहणारी माणसं निघाली सत्तरच्या आसपास.

हजार की सत्तर? माझं म्हणणं असं की चाकोबद्दलची प्रत्येक उपपत्ती या एका आकड्यावर उभी आहे. हजार माना, की ते गाव होतं. सत्तर माना, की उरलेल्या खोल्यांसाठी राजा, पुजारी, कोठार, यात्रा असं काहीतरी शोधावंच लागतं. लोक 'प्रयोजन' म्हणून भांडतात, पण भांडण खरं तर डोकी मोजण्याचं आहे.

काय वाटतं?

---

आडवाटेचा

सुरेख धागा, ताई. फोटो टाका ना. आणि ते 'कीवा' म्हणून काही असतं ना? गोल खड्डे?

---

रानजाई

फोटो रविवारी टाकते. कीवा म्हणजे जमिनीत उतरलेली गोल खोली, छपरातल्या भोकातून शिडीने आत जायचं. कडेने दगडी कट्टा, मध्ये अग्निकुंड. पुएब्लो गावांत आजही आहेत आणि बाहेरच्यांना तिथे प्रवेश नसतो. बोनितोत लहानमोठ्या तीसेक आहेत. दरीच्या दुसऱ्या अंगाला कासा रिंकोनाडा आहे, ती एकटीच जवळजवळ १९ मीटर व्यासाची.

---

कुतूहल_९९

एक विचारू? चाक नाही, जनावर नाही, लोखंड नाही, आणि तरी पाच मजले? आसपास झाडं तरी होती का? मला तर वाटतं बाहेरून कुणीतरी येऊन शिकवलं असणार. मी परग्रहवासी म्हणत नाहीये हं, पण कुणीतरी.

---

गोदाकाठ

कुतूहलराव, 'पण' म्हणालात तिथेच परग्रहवासी उतरले. :)

आमच्या नाशकात पांडवलेणी आहेत. पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणून नाव. प्रत्यक्षात ती बौद्ध लेणी, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली. आणि गंमत अशी की प्रयोजन भिंतीवरच कोरून ठेवलंय! दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, महिना शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचं वस्त्र. हिशेब करून पाहा, पैशापर्यंत जुळतो. एवढं लिहिलेलं असूनही लोक म्हणतात पांडव.

तर जिथे एक अक्षर लिहिलेलं नाही, तिथे टोल्टेक नि परग्रहवासी आले तर नवल कसलं? स्थानिक माणसांना जमलं असेल हे शेवटी सुचतं, सगळीकडेच.

---

बांधकामवाला

कुतूहल यांच्या तांत्रिक शंकेचं बघू, कारण ती चुकीची नाही.

भिंती दुहेरी आहेत. आत मातीत बसवलेला ओबडधोबड दगड, दोन्ही बाजूंनी वालुकाश्माच्या चपट्या तुकड्यांची घट्ट कातडी. तळाशी जाडी जवळजवळ मीटरभर, वरच्या मजल्याला कमी होत जाते. म्हणजे चार-पाच मजले चढवायचे हे पाया घालतानाच ठरलेलं होतं. 'बांधत गेले, वाढत गेलं' असं नाही. आमच्या धंद्यात याला नकाशा पास होणं म्हणतात. आणि त्या सुंदर दगडकामावर वरून गिलावा होता! ज्यावर आज फोटोवाले मरतात ते त्या काळी कुणाला दिसतच नव्हतं.

लाकूड हा खरा कळीचा मुद्दा. दरीतल्या सगळ्या महाघरांना मिळून दोन लाखांवर झाडं लागली असा अंदाज आहे, आणि पाइन, स्प्रूस, फर जातीची ती झाडं जवळपास नव्हती. मातीतून लाकडात उतरलेलं स्ट्रॉन्शियम आणि वाढीची वलयं तपासून कळलं की आधी दक्षिणेच्या झुनी डोंगरांतून आणि साधारण १०२० नंतर जास्त करून पश्चिमेच्या चुस्का डोंगरांतून आणली. दोन्ही ७५ किलोमीटरच्या पुढे. ओंडक्यांवर फरपटल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे उचलून आणले. २०२३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वतः करून पाहिलं: कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने दोघांनी ६० किलोचा ओंडका दिवसाभरात २४ किलोमीटर नेला. नेपाळी भरिया नाम्लो लावतात तेच. माणसं आणि वेळ असली की झालं.

---

कुतूहल_९९

पटलं. पण मग दोन लाख झाडं आणायला माणसं राबली कशी? सत्तर माणसांनी तर नाहीच.

---

चंद्रभागातीर

हा प्रश्न मात्र बरोब्बर आहे.

मी पंढरपूरची. लहानपण मठाला लागून असलेल्या वाड्यात गेलं. मठ नि धर्मशाळा वर्षभर ओस असतात: एखादा पुजारी, एक राखणदार, मांजरं. आषाढीला त्याच खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते. मठ फडाफडाचे वेगळे. बांधले कुणी? पंढरपूरकरांनी नव्हे, त्या त्या दिंडीच्या गावोगावच्या लोकांनी, वर्गणी काढून. हजार वर्षांनी कुणी खणलं आणि खोलीगणिक चूल मोजली तर म्हणेल इथे कुणी राहतच नव्हतं. कारण पंगतीचा स्वयंपाक होतो अंगणात, मोठ्या चुलाणावर. खोलीत चूल मांडतो संसार करणारा.

म्हणून मला वाटतं चूल मोजली की कुटुंबं कळतात, गर्दी कळत नाही. रानजाई म्हणते डोकी मोजण्याचं भांडण, ठीक. पण कुठल्या दिवशीची डोकी?

---

रानजाई

वा, चंद्रभागातीर! 'कुठल्या दिवशीची डोकी' हे मला सुचलं नव्हतं. आणि चाकोतली महाघरं बाहेरच्या वस्त्यांनी आपापली बांधली असावीत असं म्हणणारेही आहेत. भोवतीच्या शेकडो किलोमीटरच्या परिसरात त्याच घाटणीची छोटी महाघरं दीडशेच्या वर सापडलीत.

---

खापरीवाचक

मी डेक्कन कॉलेजात मातीच्या भांड्यांवर काम करतो. यात्रेची कल्पना लोभस आहे, म्हणूनच तिच्यावर जरा पाणी टाकतो. चंद्रभागाताई, राग मानू नका.

यात्रेच्या उपपत्तीचा मोठा आधार म्हणजे पुएब्लो आल्तो या महाघराजवळचा उकिरडा. तिथल्या खापऱ्यांवरून अंदाज काढला की साठेक वर्षांत सुमारे दीड लाख भांडी फुटली. इतकी भांडी तिथले मोजके रहिवासी फोडणं शक्य नाही, म्हणजे यात्रेकरू येत, जेवणावळी होत, भांडी फोडून जात. पाठ्यपुस्तकांतही हे गेलं. पण दीड लाख हा आकडा उकिरड्याच्या छोट्याशा खणलेल्या भागावरून गुणून काढलेला. वुर्ट विल्स यांनी २००१ मध्ये दाखवलं की त्या ढिगात बांधकामाचा राडारोडाच भरपूर आहे. २०१२ मध्ये प्लॉग आणि वॉटसन यांनी पुन्हा हिशेब केला, तर भांड्यांचं प्रमाण साध्या राहत्या घरांपेक्षा फार वेगळं निघालं नाही. दीड लाख भांड्यांवर उभी केलेली यात्रा बरीच ओसरली.

आता चुलींबद्दल. वरचे मजले कोसळलेत. वर राहायचं आणि खालच्या अंधाऱ्या खोल्यांत मका ठेवायचा, ही पुएब्लो घरांची चाल स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात पाहिलेली. वरच्या चुली मलब्यात गेल्या असतील तर विंडेस यांचा आकडा कमी पडतो. त्यामुळे सत्तरही पक्के नाहीत आणि हजारही नाहीत. रानजाईताई, उपपत्ती त्या आकड्यावर उभ्या आहेत हे तुमचं म्हणणं मान्य. पण आकडासुद्धा कुणाला काय हवं त्यावर उभा आहे.

अवांतर: आमच्या विदर्भातल्या शिळावर्तुळांचं बरं. जुनापाणी, माहुरझरी इथे खणल्यावर लोखंडाची हत्यारं, तांब्याचे दागिने ल्यालेले घोडे निघाले, म्हणजे मृतांसाठी बांधलेली हे तरी ठरलं. चाकोत खणून गोंधळ वाढतो.

---

चंद्रभागातीर

राग कसला, पाणी टाकलंत ते बरंच झालं. पण खापरीवाचक, आमच्याकडे वारकरी पत्रावळीवर जेवतो. हजार वर्षांनी उकिरड्यात काय सापडेल? काहीच नाही. न सापडणं हा पुरावा तुम्ही जरा जास्तच ताणताय.

---

खापरीवाचक

:) मान्य. पण मग यात्रा होती हे कशावरूनही सिद्ध होईल, भांडी सापडली तरी आणि नाही सापडली तरी. असा सिद्धांत मला झेपत नाही.

---

आकाशवेडा

सगळे उकिरड्यात शिरलेत, जरा वर बघा की! दरीतल्या फखादा ब्यूट या सुळक्यावर तीन शिळांच्या फटींतून उन्हाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या, दुपारी सर्पिल चित्राच्या मधोमध उजेडाचं पातं उतरायचं. ॲना सोफेर या चित्रकर्तीने १९७७ मध्ये ते टिपलं. पुएब्लो बोनितोची मधली भिंत उत्तर-दक्षिण. कासा रिंकोनाडात उन्हाळी अयनाच्या सकाळी खिडकीतून आलेला किरण बरोबर एका कोनाड्यावर पडतो. सगळी दरी म्हणजे पंचांग आहे!

---

बांधकामवाला

आकाशवेडा, रिंकोनाडाचा किरण यादीतून काढा. १९३० च्या दशकात त्या भिंतींची बरीच डागडुजी झाली, खिडकीचीही. शिवाय मूळची छप्पर पेलणारी खांबं आणि बाहेरची खोली उभी असताना तो किरण आत पोचला असता का, हीच शंका आहे. आपण जे बघायला पहाटे जमतो ते १९३० च्या गवंड्याचं काम असू शकतं.

आणि सुळक्यावरचं आता कुणाला दिसत नाही. लोकांच्या वावराने पायाची माती ढासळली, शिळा सरकल्या. १९८९ मध्ये लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. आता वर जायला बंदी आहे.

---

आकाशवेडा

बरं, रिंकोनाडा दिला. चिमनी रॉक देणार नाही. कोलोरॅडोत, चाकोपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, डोंगराच्या अरुंद धारेवर चाको घाटणीचं महाघर आहे. पाण्यापासून दूर, पार वर, सगळं सामान चढवून नेलेलं. तिथून पाहिलं तर समोरच्या दोन सुळक्यांमधून चंद्र उगवतो, पण दर १८.६ वर्षांनी चंद्राचा उगवतीचा बिंदू उत्तरेच्या टोकाला पोचतो तेव्हाच. आणि बांधकामातल्या लाकडांची वर्षं आली १०७६ आणि १०९३, दोन्ही त्याच चांद्र टप्प्यातली. राहायला कुणी तिथे घर बांधणार नाही. उगाच योगायोग म्हणू नका.

---

खापरीवाचक

चिमनी रॉक मलाही खोडता येत नाही. पण इमारतीची दिशा आणि इमारतीचं प्रयोजन या दोन गोष्टी. आपणही घर पूर्वाभिमुख बांधतो, म्हणून ते घर वेधशाळा होत नाही.

---

सातवाहनांचा_शेजारी

इतकं वाचलं, पण सरळ उत्तर कुणी का देत नाही? राजवाडे होते. पुरातत्त्वज्ञ स्टीफन लेक्सन कित्येक वर्षं हेच म्हणतायत. बोनितोतली ३३ नंबरची खोली बघा. दोन मीटर बाय दोन मीटरची एवढीशी खोली, त्यात १४ जणांची दफनं, त्यातल्या एकाभोवती हजारो पिरोजाचे मणी, शंख, शिंपले. २०१७ मध्ये त्यांतल्या नऊ जणांचा डीएनए मिळाला, आणि नऊही जण एकाच मातृवंशातले! जवळजवळ ३३० वर्षं एकच घराणं, आईकडून वारसा. शेजारच्या २८ नंबरच्या खोलीत १११ उभट नळकांडी भांडी, आणि तशा भांड्यांच्या खापऱ्यांत २००९ मध्ये पॅट्रिशिया क्राउन यांना कोकोचा अंश सापडला. कोको आणि लाल मकाव पोपट दोन्ही मेक्सिकोच्या उष्ण जंगलातून, हजार-बाराशे मैलांवरून. मका पिकवायची मारामार असलेल्या दरीत चॉकलेट पिणारे लोक राजे नव्हते तर कोण होते?

---

गोदाकाठ

पुजारी? गणाचे मुखिया? आईकडून वारसा तर आजच्या होपी, झुनी या पुएब्लो लोकांतही चालतो, आणि तिथे राजे नाहीत. देवघराची जबाबदारी एका कुळाकडे पिढ्यान्‌पिढ्या असणं म्हणजे गादी असणं नव्हे. बडव्यांना कुणी राजे म्हणालं नाही.

---

चंद्रभागातीर

बडव्यांना राजे म्हणालं नाही हे तुम्ही नाशकात बसून म्हणताय. आमच्याकडे या आणि विचारा! :D

---

रानजाई

:D

गंभीर मुद्द्याकडे वळते, कारण तो राहून चाललाय. ३३ नंबरच्या त्या डीएनए अभ्यासावर तेव्हाच टीका झाली होती. ज्यांचे ते पूर्वज, त्या पुएब्लो समाजांशी बोलणं न करता तो केला गेला. हाडं १८९६ मध्ये खणून न्यू यॉर्कच्या संग्रहालयात गेलेली, तिथून नमुने. शास्त्र म्हणून निष्कर्ष मोलाचा असेल. पण आपल्या पणजीचा सांगाडा उघडून तिचं कुळ कुणी परस्पर छापलं तर आपल्याला कसं वाटेल?

उलट उदाहरण २०२५ चं आहे. पिकुरिस या छोट्या पुएब्लो गावाने स्वतःहून संशोधकांना बोलावलं, प्रत्येक टप्प्यावर निर्णयाचा हक्क आपल्याकडे ठेवला, आणि निष्कर्ष आला की त्यांचं चाकोतल्या माणसांशी जवळचं नातं आहे. त्यांना ते आधीच माहीत होतं. तोंडी परंपरेला कागद मिळाला एवढंच.

आणि परंपरा मुक्या नाहीत. होपींच्या सांगण्यात वेगवेगळी कुळं भटकंतीत इथे एकत्र आली, आपापले विधी घेऊन आली आणि पुढे निघाली. दिने, म्हणजे नवाहो, लोकांच्या कथेत दक्षिणेकडून आलेला एक जुगारी आहे. त्याने लोकांना जुगारात हरवून गुलाम केलं, त्यांच्याकडून ही महाघरं बांधून घेतली, आणि शेवटी लोकांनीच त्याला हरवून हाकललं. काही पुएब्लो जाणते सांगतात की इथे माणसांच्या हाती नको तेवढी सत्ता आली, म्हणून ही जागा सोडावी लागली. आता सातवाहनवाल्यांचा राजवाडा आणि ही कथा शेजारी ठेवून बघा. लेक्सन यांच्या बाजूने मला सगळ्यांत वजनदार पुरावा तोच वाटतो, पोपट नाहीत. गोदाकाठ, आजच्या पुएब्लोंत राजे नाहीत हे खरं, पण कदाचित एकदा अनुभव घेऊन झाल्यामुळे नाहीत.

---

गोदाकाठ

हं. हे मी असं पाहिलं नव्हतं. पण मग आधीची तीनशे वर्षं? त्या सगळ्या काळात एकच प्रयोजन कसं असेल? ९०० साली कुळाचं घर, १०५० ला यात्रेचं ठिकाण, ११०० ला राजवाडा असं का नसावं?

---

बांधकामवाला

बांधकाम तेच सांगतं. बोनितोचा जुना भाग एकेरी भिंतीचा, साधा. नकाशा काढून केलेलं भव्य काम मुख्यतः १०४० नंतरचं. चेट्रो केट्ल या शेजारच्या महाघरात अंगणाकडे तोंड करून खांबांची ओळ होती, उघडी. नंतर कुणीतरी खांबांमधल्या जागा दगडांनी बुजवल्या आणि मागे खोल्या पाडल्या. ज्याने खांब उभारले आणि ज्याने बुजवले, त्या दोघांना 'हे कशासाठी' असं विचारलंत तर दोन उत्तरं येतील. ११३० पासून लांबलेला दुष्काळ पडला आणि बांधकामच थांबलं.

---

सातवाहनांचा_शेजारी

म्हणजे शेवटी राजवाडाच ना? ११०० ला?

---

खापरीवाचक

नाही.

---

आडवाटेचा

:)) बरं, मला डिसेंबरात जायचंय. आत कीवांत, खोल्यांत उतरता येतं का? आणि हे जुने लोक काय म्हणत होते ते तिथे कुणी सांगतं का?

---

रानजाई

बोनितोतल्या ठरावीक खोल्यांतून वाट आहे, दारं बुटकी, वाकून चला. मोठी कीवा काठावरून बघायची, आत उतरायला मनाई आहे. भिंतीवर चढू नका, खापरी उचलू नका, खिशात तर मुळीच नाही. पुएब्लो लोकांसाठी ती जागा ओसाड नाही, पूर्वज तिथेच आहेत. रेंजर बरंच सांगतात. एखादा पुएब्लो वंशाचा भेटला तर ऐका, पण कीवात काय चालतं हे खोदून विचारू नका. सांगायचं नसतं म्हणून सांगत नाहीत.

पेट्रोल हमरस्त्यावरच भरून घ्या, आत काही मिळत नाही. शेवटचा टप्पा कच्चा आहे. आदल्या दिवशी बर्फ वा पाऊस झाला असेल तर उद्यानाच्या कचेरीत फोन करून मगच निघा, तिथली चिकणमाती चारचाकीलाही सोडत नाही.